दुरुस्तीचा रकाना

२ ऑक्टोबर

ही डायरी जानेवारीत दोरा पुरवणाऱ्या पार्टीने दिली होती. नऊ महिने तिच्यावर चहाचा कप ठेवत आलो. आजपासून लिहायची, कारण काल रजा मंजूर झाली. दहा ते एकवीस जानेवारी, बारा दिवस. बावीस वर्षांच्या नोकरीत सलग बारा दिवस मी फक्त काविळीला घेतले होते.

सिल्वासाहून खानवेल, जव्हार, त्र्यंबक, नाशिक, तिथून सापुतारा, धरमपूर आणि परत. सायकलवर, एकटा, सगळं सामान सायकललाच बांधून. सायकल तन्वीने दिलेली. लेक पुण्यात नोकरी करते आणि बापाने घरात चिडचिड करण्यापेक्षा रस्त्यावर जाऊन दमावं असं तिचं मत आहे. तिच्या आईचं, म्हणजे सुजाताचंही तेच.

आता प्रश्न बॅगांचा. सीटखाली लटकणारी लांब बॅग, सांगाड्याच्या त्रिकोणात बसणारी, हँडलला बांधायची वळकटी, की मागे कॅरिअर लावून दोन बाजूंना दोन थैले? चार दिवस फोनवर हेच वाचतोय. सुजाता म्हणाली, "हजार किलोच्या बॅगा रोज पास-नापास करणारा माणूस, आणि चार कपड्यांच्या बॅगेवर अडला." आमच्या कारखान्यात जंबो बॅगा होतात, रसायनं भरायच्या. टनभर माल घेणारी बॅग आम्ही पाच टनांपर्यंत ताणून बघतो. त्यामुळेच मला कुठलीही बॅग बघितली की ती आधी कुठे फाटेल तेच दिसतं.

६ ऑक्टोबर, रविवार

सगळं धरून चौदा किलोच्या वर जायचं नाही असं ठरवलं. मग वजन करणं आलं. सामान कारखान्याच्या काट्यावर नेता येईल, पण गेटवर पास, सिक्युरिटीचे प्रश्न आणि आठवडाभर कँटीनला विषय. घरचा काटा आहे, माणसाने उभं राहायचा. बॅग घेऊन उभं राहायचं, मग बॅगेशिवाय, आणि वजाबाकी.

पण काटा बरोबर आहे कशावरून? कारखान्यात आम्ही रोज सकाळी काट्यावर वीस किलोचं प्रमाण वजन ठेवतो. आकडा हलला तर रजिस्टरमध्ये दुरुस्ती लिहितो आणि दिवसभर त्या हिशेबाने वाचतो. घरात प्रमाण वजन कुठून आणायचं? मी स्वतः उपयोगाचा नाही, व्यायाम सुरू केलाय, कमी होणार. सुजाता मात्र अठ्ठावन्न. फेब्रुवारीत कंपनीच्या आरोग्य शिबिरात अठ्ठावन्न, त्याच्या आदल्या वर्षी अठ्ठावन्न, तन्वी दहावीला होती तेव्हाही अठ्ठावन्न. या घरात न बदलणारी तेवढी एकच गोष्ट आहे. तिला काट्यावर उभं केलं.

५६.८.

म्हणजे काटा दोन टक्के कमी दाखवतो. चौदा किलोवर दोन टक्के म्हणजे एक रेनकोट. डायरीच्या शेवटच्या पानांवर तक्ता आखला: तारीख, सुजाता, दुरुस्ती, मी, सामान. दर रविवारी सकाळी चहाआधी. ती म्हणाली, "मी आता तुमचं लोखंडी वजन का?" म्हटलं, तुझ्यावर विश्वास आहे म्हणून. हसली.

माझं वजन दुरुस्ती धरून ८०.१. लाज वाटली.

१३ ऑक्टोबर, रविवार

सीटखालची बॅग आली. भरून खानवेलपर्यंत जाऊन आलो. मी बुटका, माझी सीट खाली, त्यामुळे बॅग आणि चाक यांत जेमतेम चार बोटं अंतर. खड्डा आला की बॅग चाकाला घासायची आणि चढावर म्हशीच्या शेपटीसारखी डावी-उजवीकडे हलायची. घरी येऊन बघितलं तर तळाला रुपयाएवढं भोक. तीन तास माझ्या पाठीमागे ती स्वतःला खात होती आणि मला आवाजही आला नाही. परत पाठवली.

सुजाता जेवली नाही. म्हणाली, ॲसिडिटी. नवरात्रात उपास फार केले तिने.

२० ऑक्टोबर, रविवार

सुजाता ५६.१. काटा आणखी घसरला. सेल बदलले, तरी तेच. दुरुस्ती साडेतीन टक्क्यांच्या जवळ. मी ८०.१, म्हणजे दोन आठवडे रोज वीस किलोमीटर मारून एक छटाकही हललेलो नाही. चिडलो. सुजाता म्हणाली, "आज किती आलं माझं?" सांगितलं. म्हणाली, "असं होय." मी काटा उलटा करून खालचे रबर बघत होतो.

कॅरिअर आणि दोन थैले हा मार्गही बाद. टाच लागते.

मग दुपारी समाधानने रस्ता दाखवला. समाधान माझ्या हाताखाली टेस्टिंगला आहे, शिरपूरकडचा. म्हणाला, "साहेब, विकत कशाला घेता? नरोली रोडला आमचा झुंबर आहे ना, ट्रकच्या ताडपत्र्या शिवतो. सांगाल तशी शिवून देईल." काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तसं झालं. ताडपत्रीइतकं पाण्याला न घाबरणारं कापड दुसरं कुठलं?

२३ ऑक्टोबर

झुंबरचं दुकान म्हणजे पत्र्याची शेड. एका मशीनवर तो ताडपत्री शिवतो, दुसऱ्यावर त्याची बायको रोशनी ब्लाउज. त्याने सायकल सगळीकडून बघितली आणि म्हणाला, "भाऊ, मी दहा चाकी गाडीला कव्हर शिवेल आहे, दोन चाकीला पहिल्यांदाच. साचा आणी द्या पुठ्ठ्याचा, तंतोतंत."

साचा सुजाताने कापला. फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा सायकलच्या त्रिकोणात धरून, पेन्सिलीने. मला हे दोन तासांत जमलं नसतं. वाकून कापताना मध्येच थांबली आणि बराच वेळ पोटाशी हात धरून बसली. म्हटलं, काय झालं? म्हणाली, खाली बसायची सवय गेली.

सामान कसं भरायचं तेही तिनेच सांगितलं. "जड ते मध्ये आणि खाली, हलकं पुढे, लागणारं हाताशी." मी चार दिवस वाचून हेच शोधलं होतं. ही माहेरी जाताना ट्रंक अशीच भरायची.

२ नोव्हेंबर, पाडवा

तन्वी आली आहे. आल्या आल्या दारातच म्हणाली, "आई, किती बारीक झालीस तू!" सुजाता म्हणाली, "या वयात बारीक व्हायला लोक पैसे देतात." मग तन्वी माझ्याकडे वळून म्हणाली, बाबा तूही उतरलास. मी तिला तक्ता दाखवला. म्हटलं, दोन महिन्यांनी बघितलं की सगळेच उतरलेले दिसतात, आकडे बघ. दुरुस्ती धरून आम्ही दोघं जिथल्या तिथे आहोत. तिने तक्ता बघितला, दुरुस्ती म्हणजे काय विचारलं. समजावून सांगितलं. इंजिनिअरची मुलगी, तिला पटलं.

ओवाळताना सुजाताच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकल्या. मी साडी दिली, तिने मला कपाळाला बांधायची बॅटरी दिली, प्रवासाला. म्हटलं, बांगड्या मापाच्या घे. पट्ट्याला मी परवा नवं भोक पाडलं, तेवढा एक आकडा मात्र जुळत नाही. कातडं ताणलं असावं.

१० नोव्हेंबर, रविवार

सुजाता ५४.७. मी, दुरुस्ती धरून, ८०.५. चाळीस किलोमीटर करून आलो होतो. काटा लाथेने बाजूला सारला. सुजाता म्हणाली, "काट्यावर कशाला राग?"

हिने आता नवं काढलंय. प्रवासात स्वतःचं स्वतः करता आलं पाहिजे म्हणून मला स्वयंपाक शिकवते. खिचडी झाली, पिठलं झालं. आज पोळ्या. मी म्हटलं, अगं, छोट्या स्टोव्हवर जव्हारच्या घाटात पोळ्या कोण लाटतं? म्हणाली, "येत असू द्या." तीन केल्या. दोन खाण्यासारख्या होत्या, एक तिने अर्धी खाल्ली. मग गॅसचं पुस्तक, लाइटबिलाचा नंबर, तन्वीच्या पॉलिसीची फाइल कुठे असते तेही दाखवलं. मी बारा दिवस जातोय की बारा वर्षं?

१७ नोव्हेंबर, रविवार

सकाळी लवकर दादऱ्याला तळ्यावर चक्कर मारायला गेलो, तोलणं राहिलं. परत येताना प्रवासासाठी औषधांची छोटी पिशवी भरायला कोपऱ्यावरच्या ललितभाईकडे थांबलो. ॲसिडिटीची पाकिटं घरी आहेत का, विचारायचं राहिलं, म्हणून एक घेतलं. ललितभाई म्हणाला, "बेन तो दर अठवाडिये लई जाय छे." म्हणजे ही दर आठवड्याला नेते, घरी भरपूर आहेत. परत केलं.

२४ नोव्हेंबर, रविवार

नवा काटा आणला. सुजाता ५३.२. जुन्यावरही ५३.२.

दोन काटे एकसारखे चुकत नाहीत. हे मी पोरांना शिकवतो. दोन साधनं एकच सांगतात तेव्हा साधन तपासू नका, वस्तू तपासा. हे लिहिताना हात थांबला. पण ही हिंडते-फिरते, स्वयंपाक करते, परवा खेरडीला जाऊन भाजी घेऊन आली. मग चुकतंय काय? फरशी. आमच्या घरची फरशी पोकळ आहे, पाऊल टाकलं की आवाज येतो. पोकळ फरशीवर काटा दबतो. खाली लाकडी फळी ठेवून बघायला हवं.

ठेवली नाही. सुजाता म्हणाली दमले, आणि आत जाऊन पडली. सकाळी साडेसातला.

दुरुस्ती नऊ टक्के लिहिली. मी ८१.०.

३० नोव्हेंबर

त्रिकोणी बॅग तयार झाली. काय शिवली आहे! हिरवी ताडपत्री, दुहेरी शिलाई, तोंडावर झडप. पाण्याची बादली ओतली, आत थेंब नाही. हँडलची वळकटी पुढच्या आठवड्यात. झुंबर म्हणाला, "भाऊ, ही बॅग तुमच्या माघारी पण टिकेल." रोशनीने एक पुडकं दिलं, वहिनींचे ब्लाउज म्हणून. पाच. आत घ्यायला दिले होते. म्हणाली, "दिवाळीच्या आधी एकदा घेतले, आता परत. वहिनींना दाखवलं का भाऊ कुठे?" मी म्हटलं, उपास करते फार.

घरी येईपर्यंत बॅगेचा आनंद थोडा कमी झाला होता. का ते कळेना. पुडकं सुजाताला दिलं तर तिने लगेच कपाटात ठेवलं.

८ डिसेंबर, रविवार

५१.९. फळीवर. फळीशिवायही तेच.

दुरुस्ती लिहिली नाही. तो रकाना कोरा ठेवलाय. सुजाता विचारत होती, आज किती. मी म्हटलं, सेल गेलेत.

११ डिसेंबर

आज वर्षाचं कॅलिब्रेशन होतं. बाहेरची माणसं येऊन आमची प्रमाण वजनं तपासून, शिक्का मारून गेली. संध्याकाळी मी वीस किलोची दोन वजनं परतीचा पास बनवून घरी आणली. समाधानने डिकीत ठेवली. "साहेब, लोखंड घरी कशाला? वहिनी रागावतील ना."

एक ठेवलं. २०.०. दोन्ही ठेवली. ४०.०. फरशीवर, फळीवर, बाल्कनीत. जुना काटा माळ्यावरून काढला. २०.०. ४०.०.

दोन्ही काटे बरोबर आहेत. पहिल्या दिवसापासून बरोबर होते.

सुजाता आत भात लावत होती. वजनं ठेवल्याचा आवाज तिला गेला असणार. दारात येऊन उभी राहिली, वजनांकडे बघितलं आणि परत आत गेली.

१२ डिसेंबर

कामावर गेलो नाही.

काल जेवताना विचारलं, कधीपासून. म्हणाली, गणपतीपासून. दोन घास खाल्ले की पोट भरतं, मागे पाठीत कळ येते, कधी उलटी. नोव्हेंबरात एकटी वापीला डॉक्टरांकडे जाऊन आली. मला सांगितलं होतं, भिशी आहे. डॉक्टरांनी दुर्बिणीची तपासणी ताबडतोब करायला सांगितली. हिने तारीख घेतली तेरा जानेवारीची. कागद तिने पुढे ठेवला. तेरा जानेवारी, म्हणजे मी निघाल्यावर तिसऱ्या दिवशी. मी तेव्हा त्र्यंबकच्या पुढे असतो.

मी ओरडलो. फार ओरडलो. हे लिहिणं भाग आहे. मला का सांगितलं नाहीस, म्हणून. ओरडून झाल्यावर ती म्हणाली, "बावीस वर्षांत पहिल्यांदा तुम्ही शिट्टी वाजवत जिना चढत होतात."

मग ताटातला भात बोटाने गोळा करत म्हणाली, "आणि सांगत नव्हते कसं? दर रविवारी उभी राहत होते की तुमच्यासमोर. तुम्ही आकडा मोठ्याने वाचायचात. मला वाटायचं, आज वर बघतील. तुम्ही काटा उलटा करायचात."

पाच टनांच्या खाली बॅगेची एक शिवण उसवली तर मला दहा फुटांवरून दिसते. बायको सहा किलो उतरली, दर रविवारी, माझ्या हाताने लिहिलेल्या आकड्यांत, आणि मी तिचं वजन काट्यावर ढकलून मोकळा होत गेलो. वर स्वतःला जाड समजत राहिलो. पट्टा खरं सांगत होता. रोशनीला दिसलं, तन्वीला दारातच दिसलं, आणि तन्वीलाही मीच पटवून दिलं.

तेराची तारीख रद्द केली. उद्या सकाळी तपासणी.

१४ डिसेंबर

तन्वी आली. माझ्याशी बोलत नाही. बरोबर आहे तिचं.

१८ डिसेंबर

जठराचा. यकृतावरही आहे.

१९ डिसेंबर

वजनं कारखान्यात परत केली. समाधानने पास फाडला. त्याला कुणीतरी सांगितलं असावं, कारण माझ्या हातातून दोन्ही वजनं त्याने घेतली आणि मला उचलू दिली नाहीत. रजा रद्द करू का विचारलं एचआरवाल्याने. म्हटलं, राहू दे. दहा ते एकवीस जानेवारी. पुढेही लागेल.

संध्याकाळी झुंबर स्वतः घरी आला, वळकटी घेऊन. बाहेरच उभा. "भाऊ, रोशनी सांगे. मला हे आणावं का नाही कळेना. पण शिवेल होती." सुजाताने त्याला आत बोलावून चहा दिला. वळकटी हातात घेऊन उलटी-सुलटी बघितली आणि म्हणाली, शिलाई छान आहे.

२२ डिसेंबर, रविवार

उद्या मुंबईला जायचं, मोठ्या हॉस्पिटलात. गाडी सांगितली आहे. तन्वी सुटकेस भरत होती. सुजाता म्हणाली, "कागदांना ती हिरवी घ्या. पाणी जात नाही तिच्यात." त्रिकोणी बॅगेत रिपोर्ट, सीडी, फिल्म्सची गुंडाळी. वळकटीत तिचे दोन गाऊन आणि शाल. जड ते खाली, लागणारं हाताशी. तिनेच सांगितलं, मी भरलं. सायकलला एकदाही न बांधलेल्या बॅगा आहेत.

आज मी काटा काढला नव्हता. तीच म्हणाली, काढा. उभी राहिली. ५०.७. मी वर बघितलं. तिने माझ्याकडे बघितलं नाही, ती आकड्याकडे बघत होती.

रात्रीच्या पोळ्या मी केल्या. कुणी फारशा खाल्ल्या नाहीत.

२३ डिसेंबर, मुंबई

डॉक्टर तरुण आहेत, मराठी. नर्सने उंची आणि वजन घेतलं. डोस त्यावर ठरतो म्हणाले. मग विचारलं, गेल्या सहा महिन्यांत वजन किती कमी झालं, आणि कसं, हळूहळू की एकदम? हे कुणालाच नीट सांगता येत नाही, अंदाजाने सांगा.

सुजाता म्हणाली, "यांच्याकडे लिहिलेलं आहे."

मी बसून राहिलो. तिनेच हिरव्या बॅगेची झडप उघडून ही डायरी काढली, शेवटचं पान उघडलं आणि टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी बोट फिरवत तारखा वाचल्या. ५६.८, ५६.१, ५४.७. पॉइंटापर्यंत, सकाळी चहाआधी. त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "इतक्या काळजीने ठेवलेली नोंद मी आजवर बघितली नाही. घरात असा माणूस असला की आमचं काम सोपं होतं."

तन्वी उठून बाहेर गेली.

डॉक्टरांचं बोट परत वर गेलं. "आणि हा मधला रकाना? दुरुस्ती म्हणजे काय?"

मी तोंड उघडलं. सांगणार होतो, सगळं सांगणार होतो. सुजाताने टेबलाखाली माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. हात हलका होता. अंदाज करायची माझी सवय, पण केला नाही.

"तो यांच्या बॅगांचा आहे, डॉक्टर," ती म्हणाली. "तो सोडून द्या."

त्यांनी तो सोडून बाकीचे आकडे उतरवून घेतले.